तेरा ते एकवीस

आपल्याकडच्या कित्येक इस्पितळांत मुलांचा वॉर्ड बाराव्या वर्षी संपतो. तेरावं लागलं की मुलगा पुरुषांच्या वॉर्डात जातो आणि मुलगी बायकांच्या. १९९४च्या उन्हाळ्यात मी तेरा वर्षांची होते, म्हणून मला बायकांच्या वॉर्डात ठेवलं होतं. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिच्या पायाची दोन बोटं काढली होती. तिच्या पलीकडच्या बाईला जवळजवळ दिसत नव्हतं. दोघींना 'शुगर' होती, आणि मलाही 'शुगर'च आहे असं डॉक्टर माझ्या वडिलांना, आबांना, सांगून गेले होते. म्हातारी मायाळू होती. माझ्याकडे बघून ती हळहळायची, "एवढ्याशा पोरीला कुठनं गं लागली ही?" मी तिच्या पायाच्या बँडेजकडे बघत पडून राहायचे. तिचा आजार वेगळा आणि माझा वेगळा, तिच्यात इन्सुलिन आहे पण ते पुरं पडत नाही आणि माझ्यात ते बनवणाऱ्या पेशीच माझ्या शरीराने मारून टाकल्या आहेत, हे मला कुणी सांगितलं नाही. आजाराबद्दल लहान मुलांना काही सांगायची पद्धत नव्हती, आणि मोठ्यांत मी अजून धरली जात नव्हते.

त्या इस्पितळाने माझा जीव वाचवला. मला आणलं तेव्हा माझा श्वास खोल आणि भराभर चालला होता, तोंडाला फळांचा आंबूस वास येत होता आणि मी धड शुद्धीवर नव्हते. ज्यांनी रात्रभर सलाइन आणि इन्सुलिन चालवून मला परत आणलं त्यांचे उपकार आहेतच. पण गेली काही वर्षं मनात घोळत असलेलं हे लेखन दुसऱ्याच एका डॉक्टरबद्दल आहे. त्यांनी माझा जीव वाचवला नाही. तो वाचल्यानंतर त्याचं करायचं काय, हे त्यांनी मला विचारलं.

आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. त्यांचा दवाखाना मिरजेत होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिशनऱ्यांनी इस्पितळ काढलं तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे. सांगली-कोल्हापूरचेच नव्हे, तर कर्नाटकातलेही पेशंट तिथे येतात. बाई मुलांच्या डॉक्टर, पण आठवड्यातली एक दुपार त्यांनी वेगळी काढली होती. त्या दुपारी बाळांना लस द्यायची नाही, सर्दी-खोकला बघायचा नाही. दारावर एक पुठ्ठा टांगलेला असायचा: 'तेरा ते एकवीस'. एवढंच.

मी तिथे गेले ती १९९६मध्ये, पंधरा वर्षांची असताना. तोवर घरात माझ्यावर एक आरोप पक्का झाला होता.

आमचं गाव तासगाव तालुक्यात. घरची द्राक्षबाग, आणि बागेलगत बेदाण्याची शेड. फेब्रुवारीपासून उन्हाळा तापेपर्यंत जाळ्यांच्या थरांवर द्राक्षं वाळत पडलेली असायची. पहिलं वर्ष-दीड वर्ष माझी साखर बरी राहिली. सकाळ-संध्याकाळ आबा इंजेक्शन द्यायचे. लघवी तपासायचं काम आईचं. परीक्षानळीत पाच मिलिलिटर निळं बेनेडिक्टचं द्रावण, त्यात आठ थेंब लघवी, मग स्पिरिटच्या दिव्यावर उकळी. द्रावण निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी अशी चढती भाजणी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे विटकरी तांबडं. चौदावं संपता संपता नळी रोज सकाळी तांबडी यायला लागली. डोस वाढवला तरी तांबडी. आज्जी म्हणाली, पोर शेडवर जाऊन बेदाणे खाते. आईने माझ्या दप्तराची झडती घेतली. आबांनी शेडला कुलूप लावलं. मी खात नव्हते. पण तांबडी नळी समोर असताना माझं कोण ऐकणार?

या अवस्थेत आबा मला मिरजेला घेऊन गेले. बाईंनी कागद चाळले आणि आबांना म्हणाल्या, "तुम्ही थोडा वेळ बाहेर बसता का? आधी तिच्याशी बोलते, मग तुमच्याशी."

आबा जागचे हलले नाहीत. "तिला काय कळतंय बाई? इंजेक्शन मी देतो, वही मी लिवतो. मलाच इचारा."

"तुम्हालाही विचारणार आहे. पण दुखणं तिचं आहे ना?"

आबांना कुठल्या कचेरीत कुणी बाहेर बसवलं असेल, पण मुलीसाठी त्यांना कुणी बाहेर बसवेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते उठले. दार लागलं. मला वाटलं, आता बेदाण्यांचं विचारणार. बाईंनी विचारलं, "घरी कोण कोण असतं? तू कुठं झोपतेस?"

मग शाळेचं विचारलं. कुठला विषय आवडतो, कुणाशेजारी बसते, डबा कुणाबरोबर खाते. मग खेळाचं. मग मैत्रिणींचं. घरात कुणी पितं का, कुणी अंगावर येतं का. कुणी मुलगा आवडतो का, आणि हे विचारताना त्यांचा आवाज शाळेचं विचारताना होता तसाच होता. सगळ्यात शेवटी, "कधी असं वाटतं का, की हे सगळं नको, आपणच नको?" त्याआधी त्यांनी एक नियम सांगितला होता. इथे बोललेलं या खोलीबाहेर जाणार नाही. अपवाद दोनच: तुझ्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर, किंवा तुला कुणी त्रास देत असेल तर. तेव्हाही आधी तुला सांगेन आणि मगच दुसऱ्याला.

शेवटच्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. ते त्या खोलीतलं आहे.

हे प्रश्न बाईंच्या मनचे नव्हते, हे पुढे त्यांच्याकडूनच कळलं. घर, शाळा, उद्योग, व्यसन, शरीरसंबंध, आत्महत्येचा विचार, असा सोप्याकडून अवघडाकडे जाणारा तो क्रम १९७२मध्ये हार्वी बर्मन या अमेरिकन डॉक्टरांनी बसवला होता आणि गोल्डनरिंग आणि कोहेन या दोघांनी १९८८मध्ये तो विस्ताराने मांडला होता. बाईंनी तो मराठीत आणला तो कागदावर लिहून नव्हे, तर बोलून. त्यात आमच्या भागाचे प्रश्न घातले: शेतावर कामाला जावं लागतं का, संडास घरात आहे की बाहेर, पाळीत कुठं बसवतात. बॉस्टनचे जे. रॉसवेल गॅलघर यांचं नाव त्या आदराने घ्यायच्या. हे गृहस्थ आधी अँडोव्हरच्या निवासी शाळेत डॉक्टर होते. १९५१मध्ये त्यांनी बॉस्टनच्या मुलांच्या इस्पितळात किशोरवयीनांसाठी वेगळा विभाग उघडला. रोगासाठी नव्हे, वयासाठी विभाग. फुप्फुसांचा डॉक्टर असतो, हृदयाचा असतो, तसा एका वयाचा डॉक्टर असू शकतो, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. आपल्याकडे ती आजही पुरती रुळलेली नाही.

त्या दिवशी बाईंनी माझी उंची मोजली, पाळी केव्हा सुरू झाली ते विचारलं, वहीतले आकडे मागे-पुढे करून पाहिले. मग एका कोऱ्या कागदावर त्यांनी रात्र काढली, म्हणजे रात्री नऊपासून सकाळी सातपर्यंतची एक आडवी रेघ, आणि तिच्यावर एक उंचवटा. या वयात झोपेत वाढीचं संप्रेरक भरपूर सुटतं. ते इन्सुलिनच्या कामात आडवं येतं. म्हणून दहा-अकरा वर्षांच्या मुलाला पुरणारा डोस पंधराव्या वर्षी पुरत नाही, आणि पहाटेची साखर तर हमखास चढते. काही मुलींची पाळीच्या आधीचे दोन-चार दिवस आणखी चढते. हे समजावून झाल्यावर त्यांनी आबांना आत बोलावलं. कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि पुन्हा सगळं सांगितलं, तितक्याच सावकाश.

"पोरगी चोरून खात नाही. पोरगी वाढतीये."

आबा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. घरी पोचल्यावर त्यांनी चप्पलही न काढता आज्जीला हाक मारली आणि अंगणात सगळ्यांदेखत सांगितलं की आजपासून पोरीपुढे बेदाण्याचा विषय काढायचा नाही. शेडचं कुलूप त्यांनी त्याच संध्याकाळी काढलं.

माझ्यावरचं ऋण मोजायचं म्हटलं तर मी इथून मोजते. डोस तर कुठल्याही चांगल्या डॉक्टरने वाढवला असता. पण माझा शब्द खरा होता हे माझ्या बापाला पटवून द्यायला शास्त्र माहीत असलेलं आणि त्या शास्त्रात मुलीची बाजू दिसणारं माणूस लागतं. आजही मी शिकवते त्या शाळेत एखाद्या मुलीचे पालक 'ती खोटं बोलते' म्हणून येतात, तेव्हा मला तो उंचवट्याचा कागद आठवतो आणि मी आधी मुलीला आत घेते.

बाईंनी वहीतही एक बदल केला. पाळीच्या तारखा लिहायच्या होत्या, पण वही आबा लिहायचे आणि स्वयंपाकघराच्या फडताळात ती सगळ्यांच्या हाताला लागायची. बाई म्हणाल्या, त्या दिवशी कोपऱ्यात एक चांदणी काढ, मला कळेल. पुढच्या महिन्यापासून वही मी लिहायला लागले. इंजेक्शनही मीच घ्यायला लागले. आमच्याकडे तेव्हा फ्रीज नव्हता. इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माठात सोडलेली असायची. बाईंनी दोन मडक्यांची युक्ती सांगितली. मोठ्यात लहान, मधल्या जागेत ओली वाळू, वरून ओलं फडकं. तासगावचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला या गारव्याची किंमत कळेल. आणि लाल टोपणाची सिरिंज म्हणजे चाळीस युनिटची, बाटलीवरही चाळीसच लिहिलेलं बघायचं, दुकानदाराने नारिंगी टोपणाची शंभराची दिली तर परत करायची, हे त्यांनी मला दुकानात पाठवून शिकवलं. आबांना नाही, मला.

त्या दुपारी येणारी आम्ही मुलं हळूहळू एकमेकांना ओळखायला लागलो. नंबर लागेपर्यंत व्हरांड्यात सतरंजीवर बसायचो. जतकडचा एक मुलगा होता, त्याला फिट्स यायच्या आणि त्याच्या गावात त्याला विहिरीच्या जवळ फिरकू देत नसत. थॅलेसेमियाची दोन भावंडं होती, महिन्याकाठी रक्त चढवून घ्यायची. दम्याची एक मुलगी होती, ती पंप ओढणीत लपवून वापरायची. माझ्यासारखाच मधुमेह असलेला एक मुलगा होता, त्याची वही फार सुबक असायची, महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच वळणाच्या. बाईंनी ती पाहिली, मिटली आणि त्याला विचारलं, "ही माझ्यासाठी लिहिलीस की तुझ्यासाठी?" रागावल्या नाहीत. म्हणाल्या, माझ्यासाठी असेल तर पुढच्या वेळी आणू नकोस, तुझ्यासाठी असेल तर चार दिवसांचीच आण, पण खरी. तो चार दिवसांची आणायला लागला.

आणि एक कवठेमहांकाळकडची मुलगी होती. संधिवाताच्या तापात तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतलं की ताप उलटत नाही आणि झडप आणखी बिघडत नाही, एवढा सोपा उपाय. पण तो एकविसाव्या वर्षापर्यंत तरी सोडायचा नसतो, आणि झडप बिघडलेली असेल तर त्याहून जास्त. इंजेक्शन दुखायचं. ती लंगडत बाहेर यायची आणि माझ्याशेजारी बसून माझ्या डब्यातली भाकरी खायची. तिला चित्रं काढता यायची. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं. सासरी काही सांगितलं नव्हतं. इंजेक्शनं थांबली. बाईंनी तिच्या माहेरी पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. त्या स्वतः गाडी करून गेल्या. माहेरच्यांनी चहा दिला, सासरचा पत्ता दिला नाही. पहिल्या बाळंतपणात ती गेली हे आम्हाला बऱ्याच दिवसांनी कळलं.

त्यानंतर बाईंच्या बोलण्यात लग्न हा विषय ठरवून यायला लागला. मुलींशी, आणि मुलांशीसुद्धा. मी अठरा वर्षांची असताना त्यांनी मला सांगितलं की मधुमेह असलेल्या बाईने दिवस जाण्याआधी साखर ताब्यात आणायची असते, गेल्यानंतर नाही. बाळाचे अवयव पहिल्या आठ आठवड्यांत घडतात, आणि तेव्हा पुष्कळ बायकांना आपल्याला दिवस गेलेत हेही नीट माहीत नसतं. म्हणून मूल कधी हवं हे ठरवून करायचं, आणि ठरेपर्यंत काय वापरायचं तेही त्यांनी सांगितलं. माझं लग्न ठरलेलं नव्हतं. आईने हे ऐकलं असतं तर मला परत मिरजेला पाठवलं नसतं. पण हे लग्नानंतर सांगायचं म्हणून वाट बघितली तर उशीर होतो, हे बाईंना कवठेमहांकाळने शिकवलं होतं.

इन्सुलिनची गोष्ट त्या आम्हाला व्हरांड्यातच सांगायच्या. जगात ज्याला पहिलं इन्सुलिन टोचलं तो लेनर्ड थॉम्पसन आमच्याच वयाचा होता, चौदा वर्षांचा. ११ जानेवारी १९२२, टोरंटो. पहिलं औषध अशुद्ध निघालं, टोचल्या जागी गळू आलं, आणि पुरेसा उपयोगही झाला नाही. कॉलिप नावाच्या शास्त्रज्ञाने ते आणखी शुद्ध केलं आणि बारा दिवसांनी पुन्हा दिलं, तेव्हा पोरगा सावरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी बँटिंगकडे आली. पंधरावं वर्ष आणि वजन वीस किलोच्या आसपास. इन्सुलिनच्या आधी उपासमार हाच उपचार होता, म्हणून ती जवळजवळ अन्नावाचूनच जगली होती. ती वाचली, शिकली, लग्न केलं, तिला तीन मुलं झाली, आणि १९८१मध्ये त्र्याहत्तराव्या वर्षी वारली. पण आयुष्यभर तिने आपला आजार लोकांपासून लपवला. मायकेल ब्लिस या इतिहासकाराने इन्सुलिनच्या शोधाचा इतिहास लिहिताना तिला गाठलं, तेव्हा कुठे ती बोलली.

"एवढ्या मोठ्या घरातल्या मुलीलासुद्धा लपवावंसं वाटलं," बाई म्हणायच्या, "तेव्हा तुम्हाला वाटलं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण लपवायचं ठरवलं तर इंजेक्शन कुठं बसून घेणार, हे आधी ठरवा."

माझ्या लग्नाच्या वेळी आबांना लपवायचंच होतं. तेव्हा मी बाईंची पेशंटही राहिले नव्हते. आबाच त्यांच्याकडे गेले. 'मुलगी निरोगी आहे' असं लिहून द्या म्हणाले. बाईंनी दिलं नाही. "मी कुणाला काही सांगणार नाही, ते तिचं आहे. पण खोटंही लिहून देणार नाही. तिलाच विचारा." आबांनी घरी येऊन खरोखरच मला विचारलं. तोवर माझ्याबद्दलचं मलाच विचारायचं असतं हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. मी म्हटलं, मी स्वतः सांगणार, कांद्यापोह्यांच्या आधी. दोन स्थळं गेली. तिसऱ्याने विचारलं, इंजेक्शन दुखतं का? त्यांच्याशी माझं लग्न झालं आणि आम्ही कोल्हापूरला आलो.

मी बाईंकडे जायला लागले त्याआधी, १९९३मध्ये, अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. १३ ते ३९ वयाचे १,४४१ मधुमेही त्यात होते. दिवसाला तीन किंवा जास्त इंजेक्शनं घेऊन साखर काटेकोर ठेवली तर डोळे बिघडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यात दिसलं. बाईंच्या टेबलाच्या काचेखाली त्याचा आलेख होता. मी दोन इंजेक्शनांवर होते. आणखी दोन म्हणजे आणखी खर्च, आणखी टोचणं, शाळेत घ्यायचं एक, आणि साखर फार खाली जाण्याची जोखीमही जास्त. बाईंनी दोन्ही बाजू सांगितल्या आणि म्हणाल्या, ठरव. मी म्हटलं, दहावीची परीक्षा होऊ दे. त्या म्हणाल्या, बरं. दुसऱ्या कुणी माझ्या डोळ्यांची भीती घातली असती. परीक्षा झाल्यावर मी स्वतःहून चार घ्यायला लागले. माझे डोळे आज शाबूत आहेत. वॉर्डातली ती दृष्टी गेलेली बाई माझ्या स्वप्नात येणं बंद झालं, तेही त्याच सुमाराला.

शाळेच्या बाबतीत त्या कडक होत्या. माझ्या शाळेत मला खो-खोतून काढलं होतं, काळजीपोटीच. बाईंनी मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं: हिला खेळू द्यावे, खेळण्याआधी खाऊ द्यावे, हात थरथरले किंवा घाम फुटला तर तासाच्या मध्येही साखर खाऊ द्यावी आणि त्यासाठी परवानगी मागायला लावू नये. मी आधी कपड्यांत लपवून खडीसाखर ठेवायचे, ती त्या पत्रानंतर कंपासपेटीत आली. आज्जीला माझ्या हरतालिकेची हौस होती. बाईंनी उपास करू नको असं म्हटलं नाही. निर्जळी नाही आणि इन्सुलिन बंद नाही एवढ्या दोन अटी घातल्या, आणि वाटीभर साबुदाण्याच्या खिचडीला किती इन्सुलिन लागतं ते माझ्याकडून काढून घेतलं. आज्जीला हा हिशेब ऐकून इतकं नवल वाटलं की शेजारणींना सांगत सुटली.

मी आता विज्ञान शिकवते, आठवी ते दहावीला. शाळेत आठवड्याला एक निळी लोहगोळी वाटायचं काम माझ्याकडे आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताची कमतरता आढळली. गोळ्या येतात, वाटल्या जातात, आणि त्यातल्या काही गटारात जातात, कारण उपाशीपोटी घेतली की मळमळतं. मी गोळी हातावर ठेवण्याआधी विचारते, जेवलीस का? पुष्कळ मुलींचं उत्तर 'नाही' असतं. मग का नाही हे विचारायचं, आणि एकेकटीला विचारायचं. त्यात वेळ जातो. बाईंची एक दुपार कशी संपायची नाही ते मला आता कळतं. कधी कधी त्या शेवटच्या एसटीच्या वेळेपर्यंत बसायच्या, आणि लांबच्या मुलांना आधी घ्यायच्या.

जानेवारी २०१४मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला, १० ते १९ वयासाठी. त्यात आहार, मन, व्यसनं, हिंसा, सगळं आलं. महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' नावाची केंद्रं आहेत, तिथे समुपदेशक बसतात. मी दर वर्षी दहावीच्या मुलामुलींना ते केंद्र दाखवायला नेते, नुसतं दार कुठं आहे ते कळावं म्हणून. कारण माहीत नसलेल्या दारात कुणी जात नाही. पण एकोणीस संपल्यावर काय, हा प्रश्न राहतोच. बाईंनी एकवीसची रेघ का ओढली होती, हे मला स्वतःवरून कळतं. अठरा-एकोणिसाव्या वर्षी मुलं शिकायला बाहेर पडतात, मुली सासरी जातात, मुलांचा डॉक्टर सुटतो आणि मोठ्यांचा धरला जात नाही. दीर्घ आजारांची पुष्कळ मुलं नेमकी या फटीत गळतात.

बाईंनी आम्हाला गळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं, आणि त्याची तयारी त्या सोळाव्या वर्षापासून करून घ्यायच्या. प्रत्येक भेटीत थोडं थोडं काम त्यांच्या हातातून आमच्या हातात यायचं. रक्ताचा रिपोर्ट प्रयोगशाळेतून मीच आणायचा, आधी मीच वाचायचा. पुढची तारीख मीच मागायची. डोस त्यांनी लिहायच्या आधी मी सुचवायचा आणि कारण द्यायचं. आणि एक दिवस त्यांनी सांगितलं, एकविसावं पूर्ण झालं की इथे यायचं नाही. कोल्हापूरला शिकायला आहेस तर तिथल्या डॉक्टरांकडे जायचं. मला रडू आलं. मी म्हटलं, फोन करू? "मला नाही, त्यांना करायचा." आपल्यावाचून पेशंटचं चालावं यासाठी पाच वर्षं खपणारा डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही. जवळ ठेवून घेणारे पुष्कळ भेटले.

निरोपाच्या दिवशी त्यांनी मला कोरा कागद दिला. नव्या डॉक्टरांना द्यायचं पत्र तू लिही, मी सही करते. मी लिहिलं. आजार केव्हा कळला, कोणत्या वेळी किती इन्सुलिन, साखर खाली गेली तर आधी ओठ बधिर होतात, पाळीआधीचे तीन दिवस रात्रीचा डोस दोन युनिट जास्त लागतो, खो-खो सुटला पण रोज चालते, गेल्या तपासणीत डोळे आणि मूत्रपिंडं ठीक. लिहिताना मी एका वाक्यावर अडले. पाळीचं पुरुष डॉक्टरांना कसं लिहू? बाई म्हणाल्या, चांदणी काढ हवं तर. मग दोघी हसलो, आणि मी सरळ शब्दांत लिहिलं. त्यांनी एकही शब्द न बदलता खाली सही केली.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी ते पत्र उभ्यानेच वाचलं. मग बसले आणि पुन्हा वाचलं. आबा माझ्याबरोबर आले होते. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघून विचारलं, "हे सगळं कुणी लिहिलं?" आबांनी माझ्याकडे बोट दाखवलं, आणि खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "मी भाईर बसतो."